अर्भकाची निद्रा व हातशिवणीची पांघरुणे

जन्मल्यापासून एक वर्षाचे होईपर्यंत मूल दिवसाचा निम्मा किंवा त्याहून अधिक काळ झोपेत घालविते. या वयातील पहिले काही महिने त्याला तोंडावर आलेले कापड दूर सारणे, मान उचलून नाक मोकळे करणे किंवा कूस बदलणे नीट जमत नाही. त्यामुळे त्याच्या अंथरुण-पांघरुणाने दोन गरजा एकाच वेळी भागवाव्या लागतात : शरीराची ऊब टिकविणे आणि श्वासोच्छ्वासाचा मार्ग मोकळा ठेवणे. हाताने शिवलेली गोधडी वा रजई यांपैकी पहिली गरज उत्तम रीतीने भागविते. दुसरीच्या मात्र ती आड येऊ शकते. हा धोका लोकांना पूर्वीपासून अंधुकपणे जाणवत होता. तथापि त्याचे खरे स्वरूप विसाव्या शतकाच्या अखेरीस स्पष्ट झाले आणि तोपर्यंत वैद्यकाने दिलेले काही सल्लेच हजारो अर्भकांच्या मृत्यूस कारणीभूत ठरले होते.

गोधडीची परंपरा : वापरून व धुऊन मऊ झालेल्या कापडाचे थर एकमेकांवर अंथरून ते धावदोऱ्याने शिवण्याची कृती भारतीय उपखंडात सर्वत्र आढळते. महाराष्ट्रात या वस्तूस गोधडी किंवा वाकळ, बंगालमध्ये कांथा, बिहारमध्ये सुजनी, सिंध, राजस्थान व गुजरातच्या पट्ट्यात रल्ली, तर कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात राहणाऱ्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी लोकांत कवंदी म्हणतात. यांपैकी बहुतेक प्रकारांत तान्ह्या मुलासाठी वेगळी लहान गोधडी करण्याची चाल आहे. बिहारमधील सुजनी मूलतः नवजात मुलाला गुंडाळण्यासाठी जुन्या साड्यांपासून शिवली जाई आणि तिच्याशी चिंध्यांची देवता चितिरिया माँ हिची श्रद्धा निगडित होती. सिद्दी स्त्रिया कवंदीच्या चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची ‘फुले’ बसवितात. त्यांवाचून कवंदी पुरी झाली असे त्या मानीत नाहीत.

महाराष्ट्रात मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली, की घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया जुन्या लुगड्यांची दुपटी, लंगोट, बाळुती आणि लहान गोधड्या करून ठेवीत. नवे कापड खळीमुळे ताठ असते व ओल लवकर शोषून घेत नाही. अनेकदा धुतलेले सुती लुगडे मऊ, शोषक व लवकर वाळणारे असते. जुन्या कापडाच्या निवडीमागे काटकसर व घरातील माणसांची माया ही कारणे होतीच. पण त्वचेच्या दृष्टीनेही ती निवड योग्य होती. अशी गोधडी बहुधा मुलाच्या अंगाखाली घातली जाई. अंगावर दुपटे व डोक्यास टोपडे किंवा कुंची एवढे पुरेसे समजले जाई.

यूरोप व अमेरिकेतील रजईची घडण थोडी निराळी आहे. तीत वरच्या व खालच्या कापडांमध्ये कापूस, लोकर किंवा पिसे यांचा भराव असतो आणि तो हलू नये म्हणून तिन्ही थर टाक्यांनी एकत्र बांधतात. अमेरिकेत पाळण्यातील रजई हे कुटुंबातील स्त्रियांच्या कौशल्याचे आणि कित्येकदा त्यांच्या मतांचेही वाहन ठरले. गुलामगिरीच्या विरोधी स्त्रियांनी १८३६ मध्ये बॉस्टन येथे भरविलेल्या विक्रीमेळ्यासाठी शिवलेली अशी एक रजई जतन करून ठेवण्यात आली असून ती लेखिका लिडिया मारिया चाइल्ड यांच्या हातची मानली जाते. थंडीच्या दिवसांत घरे पुरेशी गरम नसत. थंडी व संसर्ग यांमुळे पुष्कळ अर्भके दगावत. अशा स्थितीत जाड पांघरूण हे रक्षणाचे साधन वाटणे साहजिक होते.

अंगाखाली दबण्याची भीती : रात्री निजलेले मूल सकाळी मृत आढळले, तर ते आईच्या किंवा दाईच्या अंगाखाली दबून गुदमरले असे मानण्याची प्रथा फार प्राचीन आहे. बायबलच्या जुन्या करारातील राजा सॉलोमनच्या न्यायाची कथा अशाच मृत्यूपासून सुरू होते. मध्ययुगीन यूरोपात चर्चने अशा मातांना प्रायश्चित्ते सांगितली होती. इटलीतील फ्लॉरेन्स येथे ‘आर्कुचो’ नावाचा लाकडी कमानींचा सांगाडा वापरात होता. मूल त्याच्या आत निजवून सांगाडा अंथरुणात ठेवीत. दाईला स्तनपान देता यावे म्हणून त्याच्या बाजूस खाच ठेवलेली असे. पांघरूण कमानींवरून ओढले, तरी ते मुलाच्या तोंडावर पडत नसे. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात या साधनाचे वर्णन प्रसिद्ध झाले. ते न वापरणाऱ्या दाईला चर्चमधून बहिष्कृत करण्याची धमकी असे, असे त्यात नमूद केले आहे. माणसाचे वजन व पांघरुणाचा पडदा हे दोन्ही धोके लक्षात घेऊन केलेले हे एक जुने साधन होय.

स्कॉटलंडमधील डंडी शहराचे पोलीस-शल्यचिकित्सक टेंपलमन यांनी १८९२ मध्ये अर्भकांच्या गुदमरून झालेल्या २५८ मृत्यूंचा आढावा घेतला. यांतील पुष्कळ मृत्यू शनिवारच्या रात्री घडले होते. त्यावरून त्यांनी पालकांचे मद्यपान, निष्काळजीपणा व खोल्यांतील दाटी यांस दोष दिला. इंग्लंडमध्ये १९०८ च्या बालक अधिनियमाने नशेत असलेल्या प्रौढाशेजारी अंथरुणात तीन वर्षांखालील मूल गुदमरून मेल्यास त्या प्रौढास दंडनीय ठरविले. मुलास वेगळ्या पाळण्यात निजविण्याचा आग्रह याच काळात वाढला. परंतु एकटे निजलेले मूलही कधीकधी मृत आढळते, हे काही वैद्यांनी फार पूर्वीच नोंदविले होते. १८३४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात अशा अनाकलनीय मृत्यूंविषयीचे पत्र छापून आले होते. तरीही संशय दीर्घकाळ मातेवरच राहिला आणि त्याचा भार मुख्यतः गरीब घरांतील स्त्रियांना सोसावा लागला.

यौवनलोपी ग्रंथीचा सिद्धांत : अशा मृत्यूंचे शारीरिक कारण शोधताना एकोणिसाव्या शतकातील वैद्यांचे लक्ष छातीतील यौवनलोपी (थायमस) ग्रंथीकडे गेले. अचानक मेलेल्या मुलांत ही ग्रंथी मोठी आढळे. म्हणून ती श्वासनलिकेवर दाब आणते किंवा शरीरप्रकृतीतील एका सुप्त दोषाची खूण असते, असे प्रतिपादन करण्यात आले. व्हिएन्नाचे आर्नोल्ड पाल्टाउफ यांनी १८८९ मध्ये या सिद्धांतास शास्त्रीय रूप दिले. प्रत्यक्षात तुलनाच सदोष होती. ज्यांवरून ‘प्राकृत’ आकार ठरविला गेला, ती शवे दीर्घ आजाराने क्षीण झालेल्या मुलांची होती आणि आजारात ही ग्रंथी आकसते. अचानक मृत्यू आलेल्या निरोगी मुलांतील मोठी ग्रंथीच प्राकृत होती. १९०७ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी येथे या ग्रंथीवर क्ष-किरणांचा उपचार प्रथम करण्यात आला आणि नंतर तो अनेक देशांत हजारो मुलांना देण्यात आला. ब्रिटनमधील एका अन्वेषण समितीने १९३१ मध्ये हा सिद्धांत निराधार ठरविला. तरी उपचार लगेच थांबले नाहीत. किरणोपचार झालेल्या मुलांपैकी काहींना पुढे अवटू ग्रंथीचा कर्करोग झाल्याचे १९५० पासून दिसून येऊ लागले.

पालथे निजविण्याचा सल्ला : न्यूयॉर्क येथील हॅरल्ड एब्रॅमसन यांनी १९४४ मध्ये गुदमरून झाल्याच्या नोंदी असलेल्या अर्भकमृत्यूंची छाननी केली. त्यांतील बहुसंख्य मुले पालथी आढळली होती. हा महत्त्वाचा धागा होता. पण दुसऱ्याच वर्षी वूली यांनी निरोगी अर्भकांवर निरनिराळी पांघरुणे घालून निरीक्षणे केली आणि साध्या पांघरुणाने त्यांचा श्वास कोंडत नाही, असा निष्कर्ष काढला. जागरूक देखरेखीखाली थोड्या वेळापुरत्या केलेल्या या निरीक्षणांवरून रात्रभराच्या झोपेविषयी अनुमान काढणे योग्य नव्हते. तथापि त्यामुळे पांघरुणावरील संशय मागे पडला व संशोधनाचा रोख सुप्त संसर्गाकडे वळला.

याच सुमारास अर्भकास पालथे निजवावे असा सल्ला रूढ होत गेला. पालथ्या मुलाची उलटी घशात अडकत नाही, त्याच्या डोक्याचा मागचा भाग चपटा होत नाही व झोप गाढ लागते, अशी कारणे सांगितली जात. अपुऱ्या दिवसांच्या आजारी अर्भकांचे श्वसन पालथ्या स्थितीत सुधारते, हे रुग्णालयांत आढळले होते. तेच निरोगी मुलांनाही लागू करण्यात आले. बेंजामिन स्पॉक यांच्या जगभर खपलेल्या बालसंगोपनाच्या पुस्तकाच्या १९५८ मधील आवृत्तीत मुलास आरंभापासून पालथे निजण्याची सवय लावावी, असे सुचविले होते. उलटीविषयीची भीती शरीररचनेस धरून नव्हती. उताण्या स्थितीत श्वासनलिका अन्ननलिकेच्या वरच्या बाजूस येते. त्यामुळे वर आलेले अन्न श्वासनलिकेत सहजासहजी शिरत नाही. पालथ्या स्थितीत नेमके याच्या उलट घडते.

सिअ‍ॅटल येथे १९६९ मध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ब्रूस बेकविथ यांनी या मृत्यूंची व्याख्या मांडली. संपूर्ण तपासणीनंतरही ज्याचे पुरेसे कारण सापडत नाही, अशा अर्भकाच्या अनपेक्षित मृत्यूस ‘आकस्मिक अर्भकमृत्यू लक्षणसमूह’ हे नाव मिळाले. या नावामुळे मातापित्यांवरील आरोपाची छाया पुष्कळ कमी झाली. तसेच समान व्याख्येमुळे निरनिराळ्या देशांतील आकड्यांची तुलना शक्य झाली.

स्थिती व पांघरूण यांचा संबंध : दक्षिण ऑस्ट्रेलियातील सूझन बील यांनी १९७० नंतर मृत अर्भकांच्या घरी प्रत्यक्ष जाऊन अंथरुणाची व स्थितीची नोंद करण्यास सुरुवात केली. हाँगकाँगमध्ये दाट वस्ती असूनही असे मृत्यू विरळ आहेत आणि तेथे मुलांना उताणे निजवितात, हे डेव्हिस यांनी १९८५ मध्ये निदर्शनास आणले. नेदर्लंड्समध्ये पालथ्या निजविण्याची चाल रूढ झाल्यानंतर मृत्यू वाढले होते. १९८७ मध्ये द यॉंग यांच्या आवाहनानंतर ती चाल सोडली जाऊ लागली आणि मृत्यू घटले. न्यूझीलंडमध्ये १९८७ ते १९९० या काळात झालेल्या देशव्यापी पाहणीत पालथी स्थिती, मातेचे धूम्रपान व स्तनपानाचा अभाव हे तीन घटक ठळकपणे पुढे आले.

पांघरुणाविषयीचा निर्णायक पुरावा इंग्लंडमधील एव्हन परगण्यातून आला. पीटर फ्लेमिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मृत अर्भकांची त्याच वयाच्या जिवंत अर्भकांशी तुलना केली होती. कपडे व पांघरुणे यांची उष्णता रोखण्याची क्षमता त्यांनी ‘टॉग’ या वस्त्रोद्योगातील एककात मोजली. पालथ्या निजलेल्या मुलांना धोका आठपटींहून अधिक होता. एका मर्यादेपलीकडे पांघरुणांचे थर वाढत गेले, की तोही वाढे. मृत्यू टाळण्यासाठी कोणती गोष्ट बदलता येईल, याचे उत्तर त्यामुळे घरोघरी सांगता येण्याजोगे झाले.

पांघरुणामुळे धोका दोन प्रकारे उद्‌भवतो. मुलाचे नाक मऊ कापडात रुतले किंवा पांघरूण डोक्यावर आले, तर उच्छ्वासातील कार्बन डाय-ऑक्साइड तेथेच साठून पुन्हा श्वासावाटे आत जातो व ऑक्सिजन कमी होत जातो. दुसरे असे, की अर्भकाच्या शरीरातील उष्णता मोठ्या प्रमाणात डोके व चेहरा यांवाटे बाहेर पडते. ते झाकले गेल्यास शरीर तापते. निरोगी मूल अशा वेळी जागे होते, मान वळविते किंवा रडते. काही मुलांत मात्र मेंदूच्या खालच्या भागातील हे जागृतीचे नियंत्रण पुरेसे विकसित झालेले नसते. फिलिआनो व किनी यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार मुळातील दुर्बलता, वाढीचा नाजूक काळ आणि बाहेरचा ताण हे तिन्ही एकत्र आले म्हणजे मृत्यू ओढवतो. यांतील पहिले दोन घटक आईबापांच्या हाती नाहीत, तिसरा आहे. अनेक पाहण्या एकत्र करून २००८ मध्ये काढलेल्या निष्कर्षात अशा मृत अर्भकांपैकी सु. २५ टक्के मुलांचे डोके पांघरुणाने झाकलेले आढळले. तुलनेसाठी घेतलेल्या जिवंत मुलांत हे प्रमाण सु. ३ टक्के होते.

मोहिमा व त्यांचे फलित : ब्रिटन व न्यूझीलंडमध्ये १९९१ पासून मुलास उताणे निजविण्याची मोहीम सुरू झाली. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९२ मध्ये तसा सल्ला दिला व १९९४ मध्ये तेथे राष्ट्रीय मोहीम निघाली. ब्रिटनमधील मृत्यू थोड्याच वर्षांत निम्म्याहून कमी झाले. अमेरिकेत १९९२ मध्ये दर हजार जिवंत जन्मांमागे १.२ असलेले प्रमाण २००१ मध्ये सु. ०.५६ वर आले. औषध, लस किंवा महाग उपकरण न वापरता मिळालेले हे यश बालआरोग्याच्या इतिहासात उल्लेखनीय आहे.

त्याची दुसरी बाजू २००५ मध्ये रूथ गिल्बर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविली. जुन्या पाहण्यांचे पद्धतशीर संकलन केले असते, तर पालथ्या स्थितीचा धोका १९७० पर्यंतच सिद्ध झाला असता. त्या वेळी सल्ला बदलला असता, तर ब्रिटनमध्ये सु. १०,००० आणि यूरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलेशिया मिळून किमान ५०,००० मृत्यू टळले असते, असा त्यांचा अंदाज आहे. मातेच्या अंगाखाली मूल दबते हा समज, यौवनलोपी ग्रंथीचा सिद्धांत आणि पालथे निजविण्याचा सल्ला या तिन्हींत एक समान दोष दिसतो : तर्कास पटणारे कारण सापडताच मृत व जिवंत मुलांची योग्य तुलना करण्याची गरज कोणास वाटली नाही.

हातशिवणीच्या रजईचे बदललेले स्थान : स्थितीविषयीचा सल्ला लोकांनी लवकर स्वीकारला; पांघरुणाविषयीचा तितक्या लवकर स्वीकारला नाही. अमेरिकेत १९९३–९५ मध्ये सु. ८६ टक्के अर्भकांच्या अंथरुणात रजया, जाड पांघरुणे, उशा इ. धोक्याच्या वस्तू असत; २००८–१० मध्येही हे प्रमाण सु. ५५ टक्के होते. आजीने किंवा मावशीने महिनोन्‌महिने खपून शिवलेली रजई पाळण्यात न घालणे हे घरच्यांना अवघड जाते. शिवाय जुन्या रजयांतील कापसाच्या चपट्या थराऐवजी कृत्रिम धाग्यांचा फुगीर भराव प्रचारात आल्याने तोंड रुतण्याचा संभव वाढला. पाळण्याच्या कडांना बांधावयाच्या मऊ गाद्यांच्या विक्रीवर अमेरिकेत २०२२ च्या अधिनियमाने बंदी घालण्यात आली.

हस्तकौशल्य व सुरक्षितता यांची सांगड घालण्याचा एक यशस्वी प्रयत्न न्यूझीलंडमध्ये झाला. तेथील माओरी लोकांत आई व मूल एकत्र निजण्याची रीत आहे. ती सोडण्याचा उपदेश त्यांना रुचला नाही आणि त्यांच्यातील अर्भकमृत्यू इतरांच्या मानाने अधिक राहिले. तेव्हा डेव्हिड टिपेनी-लीच प्रभृतींनी २००६ च्या सुमारास ‘वाहाकुरा’ प्रचारात आणली. हराकेके या स्थानिक वनस्पतीच्या पात्यांची ही हाताने विणलेली परडी अंथरुणात आईशेजारी ठेवतात. मूल आईजवळच राहते, पण त्याची निजण्याची जागा वेगळी, सपाट व मोकळी असते. फ्लॉरेन्सच्या आर्कुचोमागील कल्पनाच येथे निराळ्या रूपात दिसते.

भारतीय परिस्थिती : भारतात, विशेषतः ग्रामीण भागात, नवजात अर्भकाचे शरीर थंड पडणे हा मोठा धोका आहे. कमी वजनाच्या मुलांत तो अधिक असतो. त्यामुळे पाश्चात्त्य देशांतील ‘पांघरूण नको’ हा सल्ला येथे जसाच्या तसा सांगणे पुरेसे ठरत नाही. अभय व राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत राबविलेल्या घरपोच नवजात-सेवेत गावातील प्रशिक्षित स्त्रिया मुलाचे तापमान व वजन घेत आणि त्याची ऊब राखण्यास आईला मदत करीत. संसर्गावरील उपचारांसह या सर्व सेवेमुळे तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण नियंत्रित गावांच्या तुलनेत सु. ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २०११ मध्ये ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत अशी सेवा देशभर सुरू करण्यात आली. कमी वजनाच्या मुलास आईच्या उघड्या छातीशी धरण्याची, १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झालेली पद्धतीही ऊब देण्याचे परिणामकारक साधन आहे. मात्र त्या वेळी मुलाची मान सरळ व तोंड दिसत राहील, हे पाहावे लागते.

घरात मुलास निजविताना पुढील गोष्टी पाळणे हितावह ठरते : दिवसा व रात्री, प्रत्येक झोपेस मूल उताणे निजवावे, अंथरूण सपाट व घट्ट असावे, त्यावर उशी, लोड, मऊ गोधडी वा खेळणी ठेवू नयेत. उबेसाठी हवामानास अनुसरून कपड्यांचा थर वाढवावा किंवा अंगात घालावयाची झोपपिशवी वापरावी. दुपट्यात गुंडाळल्यास ते छातीशी आवळू नये, पाय हलते राहू द्यावेत आणि मूल कुशीवर वळू लागताच गुंडाळणे थांबवावे. झोळीत हनुवटी छातीवर टेकून श्वासमार्ग अरुंद होण्याचा व कापड तोंडावर येण्याचा संभव असल्याने तीत मुलास नजरेआड ठेवू नये. पहिले किमान सहा महिने मुलाचे अंथरूण आईच्या खोलीतच, पण वेगळे असावे. एकाच अंथरुणात निजण्याचा धोका धूम्रपान करणाऱ्या किंवा नशा केलेल्या प्रौढाजवळ आणि अपुऱ्या दिवसांच्या मुलाच्या बाबतीत फार वाढतो. घरात धूम्रपान नसणे व स्तनपान चालू असणे या दोहोंमुळे संरक्षण मिळते.

यामुळे गोधडीचे प्रयोजन संपत नाही. मूल जागे असताना त्याला जमिनीवर पालथे घालून मान उचलण्याचा सराव देण्यासाठी, मांडीवर घेऊन बसताना किंवा कडेवर घेऊन बाहेर जाताना ती उपयोगी पडते. मात्र प्रत्येक वेळी कोणीतरी जागे व जवळ असावे लागते. वर्षाचे झाल्यावर मुलास ती पांघरण्यासही देता येते. तोवर तिची जागा झोपलेल्या अर्भकाच्या अंगाखाली वा अंगावर नाही.